‘बुद्धी देणारा देव, मग चूक माझी कशी?’

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका आईचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून त्याचा गोषवारा आधी देते.

घरात नवरा-बायको, सासूबाई, ११ वर्षांची मुलगी आणि ९ वर्षांचा मुलगा. मागच्या महिन्यात मुलानं आजीच्या बटव्यातून ५० रुपयांची नोट काढली आणि शाळेजवळच्या दुकानातून क्रिकेटपटूंची कार्डं आणली. पकडला गेला तेव्हा म्हणाला, ‘आजीच म्हणते ना, बुद्धी देणारा देव. मग ही पण त्यानंच दिली असेल.’ वडील भडकले, दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मुलाला ताप भरला. आजी रात्रभर त्याच्या कपाळावर गार पाण्याच्या पट्ट्या ठेवत बसल्या आणि सकाळी म्हणाल्या, ‘बघ, देवानं दाखवलं.’ ताप उतरला, पण तेव्हापासून मुलगा देवघरासमोरून जाताना मान खाली घालतो आणि रात्री झोपताना विचारतो, ‘आई, अजून काय होईल मला?’

मुलीचे प्रश्न वेगळे आहेत. कृष्ण देव होता, त्याला सगळं ठाऊक होतं, तर त्यानं द्यूत का थांबवलं नाही? सगळं आधीच ठरलेलं होतं तर दुर्योधन वाईट कसा? सासूबाईंचं म्हणणं, सटवीनं कपाळी लिहिलेलं टळत नाही. नवऱ्याचं म्हणणं, हे थोतांड मुलांच्या डोक्यात भरू नका. आई लिहितात, ‘मला मुलांना धर्म शिकवायचा आहे, भीती नाही. आणि नशिबावर हवाला ठेवून बसायलाही शिकवायचं नाही. पण माझंच मला नीट ठाऊक नाही, तर सांगू काय? संस्कारवर्गाला घालू का?’ ताज्या कलमात आणखी एक ओळ आहे: सासूबाई जेवणानंतर मुलीलाच ताटं उचलायला लावतात, ‘बाईचा धर्म’ म्हणून. मुलगी विचारते, मग भावाचा धर्म काय?

ताई,

सगळ्यात आधी मुलाच्या रात्रीच्या प्रश्नाचं उत्तर द्या. बाकीचं तत्त्वज्ञान आठ दिवस थांबलं तरी चालेल, हे थांबवू नका. त्याला जवळ घेऊन स्पष्ट शब्दांत सांगा, ‘तुला ताप आला तो पन्नास रुपयांमुळे नाही. ताप सगळ्यांना येतो, पैसे न घेणाऱ्यांनाही येतो. देव तुझ्यावर टपून बसलेला नाही.’ हे एकदा सांगून भागणार नाही. तो पुन्हा विचारेल, तुम्ही पुन्हा सांगा, आणि आवाजात कंटाळा येऊ देऊ नका. काही आठवड्यांनंतरही झोप लागत नसेल, अंथरूण ओलं होत असेल किंवा शाळेत जायला तो नको म्हणू लागला असेल, तर मुलांच्या समुपदेशकाला भेटा. त्यात कमीपणा काही नाही.

सासूबाईंना दुखवायचं नाही म्हणून तुम्ही त्या सकाळी गप्प राहिलात, असं पत्रावरून वाटतं. पण ‘देवानं दाखवलं’ हे वाक्य आपल्या परंपरेच्या कसोटीलाही उतरत नाही. गीतेच्या चौथ्या अध्यायात कृष्ण म्हणतो, ‘गहना कर्मणो गतिः’. कर्माची वाट इतकी गहन आहे की भलेभले त्यात गोंधळतात. मग कुठल्या कर्माचं फळ कुठल्या तापात आलं, हे आपण स्वयंपाकघरात उभं राहून कसं सांगणार? कर्माचा विचार हा ‘मी आता काय करू’ हे ठरवण्यासाठी आहे, दुसऱ्याच्या दुखण्याचा निकाल देण्यासाठी नाही. हे मी जरा जोर देऊन सांगते आहे, कारण तुमच्या घरातल्या तापावर ते थांबत नाही. उद्या वर्गात चालता न येणारा मुलगा येईल, कुणाची आई अकाली जाईल, आणि तेव्हा तुमच्या मुलाच्या तोंडून ‘त्यानं मागच्या जन्मी काहीतरी केलं असेल’ असं निघालं, तर आपण धर्माच्या नावाखाली त्याला निष्ठुरपणा शिकवलेला असेल. शतकानुशतकं माणसांना जातीच्या खालच्या पायरीवर उभं करताना हेच कारण दिलं गेलं. ते पुढच्या पिढीच्या हाती देऊ नका.

आता ते ५० रुपये. अबोला हा त्यावरचा उपाय नव्हता, आणि तापही नव्हता. तुमच्या पत्रात एक गोष्ट मला कुठेच सापडली नाही: मुलानं ते पैसे परत करण्याची वेळ कधी आलीच नाही. आरडाओरडा झाला, आजारपण आलं, भीती बसली, पण नोट काही बटव्यात परत गेली नाही. आपल्या धर्मशास्त्रात याची स्वतंत्र व्यवस्था आहे. याज्ञवल्क्यस्मृतीचे आचार, व्यवहार आणि प्रायश्चित्त असे तीन भाग आहेत, म्हणजे तिसरा अख्खा भाग चूक झाल्यावर पुढे काय करायचं याला दिलेला आहे. तिथली जुन्या काळची कठोर व्रतं आपल्याला नकोत. पण स्मृतिकारांनी पापातून सुटण्याचे उपाय सांगताना सुरुवातीलाच दोन गोष्टी घेतल्या आहेत, त्या आजही जशाच्या तशा उपयोगी आहेत: ख्यापन, म्हणजे आपण केलं ते आपल्या तोंडानं सांगणं, आणि अनुताप. मुलाला विचारा, ‘आजीचे पैसे परत कसे करायचे?’ मार्ग तुम्ही सुचवू नका. कदाचित तो कार्डं विकू म्हणेल, कदाचित खाऊचे पैसे साठवू म्हणेल, कदाचित आजीला रोज बाजारातून भाजी आणून देईन म्हणेल. त्यानं निवडलेला मार्ग थोडा कच्चा असला तरी तोच घ्या. आणि शेवटचा रुपया दिला की प्रकरण मिटलं. पुढच्या भांडणात ‘तू तर चोर आहेस’ हे वाक्य घरात कुणी उच्चारायचं नाही, हे मोठ्यांनी पाळायचं.

मुलाच्या युक्तिवादाकडे वळते, कारण तो हुशार आहे आणि त्याला उत्तर मिळायला हवं. ‘उलट बोलतोस?’ हे उत्तर होत नाही. ‘धर्म काय ते मला कळतं पण माझ्याकडून होत नाही, अधर्म काय तेही कळतं पण तो सुटत नाही, हृदयात बसलेला कुणी देव जसं करायला लावतो तसं मी करतो’ अशा अर्थाचा एक संस्कृत श्लोक प्रसिद्ध आहे, ‘जानामि धर्मं न च मे प्रवृत्तिः’. तो दुर्योधनाच्या तोंडी घातला जातो. मूळ महाभारतात तो नाही, पांडवगीता या स्तोत्रात आहे. पण तुमच्या मुलानं दिलेली सबब हीच आहे, आणि ज्यानं कुणी ती दुर्योधनाच्या तोंडी घातली त्याला माणूस चांगला कळलेला होता. मुलाला हे जरूर सांगा, पण ‘म्हणजे तू दुर्योधन’ असं न म्हणता. ‘तुझ्यासारखाच प्रश्न फार मोठ्या माणसांना पडला होता’ असं सांगा.

खरंच पडला होता. ब्रह्मसूत्रं हा वेदान्ताचा आधारग्रंथ, त्याच्या दुसऱ्या अध्यायात नेमका हा पेच आहे: जीवाचं कर्तेपण ईश्वराकडून येतं असं श्रुती, म्हणजे वेद, सांगते, तर मग ‘हे कर, ते करू नको’ अशा आज्ञांना अर्थ काय उरला? सूत्रकारांचं उत्तर असं की ईश्वर जीवानं केलेल्या प्रयत्नाची अपेक्षा ठेवून फळ देतो, नाहीतर विधी आणि निषेध दोन्ही फुकट जातील. त्यावरच्या भाष्यात शंकराचार्यांनी पावसाचा दाखला दिला आहे. पाऊस सगळ्या बियांवर सारखाच पडतो, पण भाताच्या बीला भात येतं आणि जवाच्या बीला जव. पावसाशिवाय काहीच उगवत नाही आणि बी नसेल तर नुसता पाऊसही काही उगवू शकत नाही.

नऊ वर्षांच्या मुलाला हे सूत्र सांगायची गरज नाही. दोन कुंड्या घ्या. एकीत मेथी, दुसरीत धने पेरायला लावा. पाणी एकाच तांब्यातून, रोज त्याच्याच हातून. मेथी तीन-चार दिवसांत वर येईल, कोथिंबीर आठवडा-दीड आठवडा घेईल आणि तोवर तो रोज माती उकरून बघेल. दोन्ही उगवल्या की विचारा, ‘पाणी एकच, मग वेगळं कसं आलं?’ आणि थांबा. देव, बुद्धी, पैसे यांतलं काहीही तुम्ही जोडू नका. एखाद्या दिवशी तो स्वतःच जोडेल. नाहीच जोडलं तर घरात ताजी मेथी झाली.

मुलीचा प्रश्न मला सगळ्यात आवडला. तिला सांगा, हाच प्रश्न पांडवांच्या बाजूनंही उभा राहिला होता आणि महाभारतात त्याला कृष्णाचं स्वतःचं उत्तर आहे. वनपर्वात तो पांडवांना भेटायला येतो तेव्हा म्हणतो की मी जवळ असतो तर कौरवांनी न बोलावताही आलो असतो आणि द्यूत थांबवलं असतं. द्यूताच्या वेळी तो शाल्व नावाच्या राजाशी लढण्यात गुंतलेला होता. मुलगी इथे लगेच म्हणेल, ‘मग द्रौपदीला वस्त्रं कुणी पुरवली?’ तेही लपवू नका. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं देशभरातल्या हस्तलिखितांवरून महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार केली, १९१९ ते १९६६ अशी जवळजवळ अर्धं शतक त्यावर माणसं बसली होती. त्या आवृत्तीच्या मुख्य पाठात द्रौपदीनं कृष्णाचा धावा केल्याचे श्लोक घेतलेले नाहीत. आपल्या कीर्तनात आणि घरोघरी सांगितल्या जाणाऱ्या कथेत मात्र तो धावा आहे, आणि तो ऐकताना डोळ्यांत पाणी येतं. एकच कथा अनेकांनी अनेक परींनी सांगितली, हे ११ वर्षांच्या मुलीला समजतं. तिला ते पेलतं. मोठ्यांनी लपवलं की मात्र तिचा विश्वास उडतो.

पुढे उद्योगपर्वात हाच कृष्ण शिष्टाई करायला हस्तिनापूरला निघतो. निघण्याआधी तो काय म्हणतो ते मला फार मोलाचं वाटतं. माणसाच्या प्रयत्नानं जे जे होण्यासारखं आहे ते मी करीन, दैवाचं काम मात्र माझ्या हातचं नाही, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. ज्याला आपण साक्षात ईश्वर म्हणतो, तो जातो, समजावतो, विनवतो. दुर्योधन ऐकत नाही. आणि कृष्ण त्याचा हात धरून त्याच्याकडून ‘हो’ लिहून घेत नाही. तुमच्या मुलीला ‘देव होता तर थांबवलं का नाही’ याचं एक उत्तर यात मिळेल. ते पुरेसं वाटेलच असं नाही. मलाही प्रत्येक वेळी पुरत नाही, आणि असा प्रश्न आयुष्यभर सोबत राहिला तरी त्यात काही बिघडत नाही.

तुम्ही मुलांना महाभारत सांगताच आहात, तर सांगण्याची पद्धत थोडी बदलून बघा. जिथे कुणाला तरी निवड करायची आहे तिथे गोष्ट थांबवा. विकर्ण घ्या. भरसभेत द्रौपदीनं विचारलं आहे की धर्मराजानं आधी स्वतःला हरवलं होतं की मला? भीष्म म्हणतात, धर्माची गती सूक्ष्म आहे, मला याचा निर्णय देता येत नाही. द्रोण गप्प, कृप गप्प. धृतराष्ट्राचा एक धाकटा मुलगा, विकर्ण, हात चोळत उठतो आहे. इथे थांबा. ‘तू असतास तर?’ असं विचारा. एक जण म्हणेल, मी बोलीन. दुसरी म्हणेल, पण सगळे मोठे गप्प असताना कसं बोलायचं? या क्षणी ‘बोलायलाच हवं’ असं तुम्ही सांगितलंत तर सगळं मुसळ केरात. त्यांना भांडू द्या.

मग पुढे सांगा. विकर्ण बोलला. द्रौपदी जिंकली गेलेली नाही, असं त्यानं सगळ्या राजांसमोर सांगितलं. कर्णानं त्याला पोर म्हणून झिडकारलं. इतकं धैर्य दाखवूनही युद्धात तो दुर्योधनाच्याच बाजूनं उभा राहिला आणि भीमाच्या हातून मारला गेला. आता दुसरा मुलगा, युयुत्सू. त्याचाही बाप धृतराष्ट्रच, आई वेगळी, वैश्य कुळातली. युद्ध सुरू होण्याच्या ऐन घटकेला युधिष्ठिरानं दोन सैन्यांच्या मधे उभं राहून हाक दिली, ज्याला आमच्याकडे यायचं असेल त्यानं यावं. युयुत्सू निघाला आणि पलीकडे गेला. एकाच घरातली दोन मुलं. एकानं सत्य सांगितलं आणि घर सोडलं नाही, दुसऱ्यानं घर सोडलं. कुणाचं बरोबर? या प्रश्नावर तुमच्या घरी एखादी संध्याकाळ सहज जाईल, आणि माझा अंदाज आहे की तुमचे यजमानही वर्तमानपत्र बाजूला ठेवून बोलायला लागतील.

तुम्ही लिहिता, ‘माझंच मला नीट ठाऊक नाही, तर सांगू काय?’ या वाक्यामागे एक समजूत आहे, की धर्म आणि दैव यांचं एक बिनचूक उत्तर कुठेतरी लिहून ठेवलेलं आहे, ते आधी आपण पाठ करायचं आणि मग मुलांना द्यायचं. असं उत्तर असतं तर भीष्म अडले नसते. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात गीतारहस्य लिहिलं, त्यात ‘कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य’ या नावाचं एक मोठं प्रकरण केवळ याच प्रश्नावर आहे. १९१५ साली ते पुस्तक छापून आलं, त्यालाही शंभरावर वर्षं झाली, आणि वाद अजून चालूच आहे. खुद्द गीतेत, अठराव्या अध्यायात, ईश्वर सगळ्या भूतांच्या हृदयात राहून त्यांना यंत्रावर बसवल्यासारखं फिरवतो असा श्लोक आहे. आणि त्यानंतर दुसराच श्लोक हा: ‘विमृश्यैतदशेषेण यथेच्छसि तथा कुरु.’ यावर पूर्ण विचार कर आणि तुला वाटेल तसं कर. दोन श्लोकांत मिळून केवढा ताण आहे! तो कुणी काढून टाकला नाही, शेजारी शेजारी राहू दिला. तेव्हा मुलांना ‘मलाही हे पुरतं कळलेलं नाही, आपण मिळून बघू’ असं सांगायला संकोचू नका. गीता समजलेली आई त्यांना नको आहे, विचार करताना दिसणारी आई हवी आहे.

सासूबाई आणि यजमान ही दोन टोकं आहेत असं तुम्ही मांडलंत. मला तसं दिसलं नाही. पाचवीच्या पूजेला पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवणाऱ्या, सटवीचं लिहिलेलं टळत नाही म्हणणाऱ्या सासूबाई नातवाला ताप चढल्यावर ‘लिहिलं असेल तसं होईल’ म्हणून झोपायला गेल्या नाहीत. रात्रभर पट्ट्या बदलत बसल्या. तोंडानं दैव म्हणतात आणि हातानं यत्न करतात. आपल्याकडच्या कितीतरी बायकांनी आयुष्य असंच काढलं आहे. जे हातात नव्हतं त्याचं दुःख दैवावर सोपवलं, म्हणून उरलेलं काम करायला बळ राहिलं. सटवी हा त्यांचा आधार आहे, तो हिसकावून घेऊ नका. पण एकट्या असताना एवढं म्हणा, ‘आई, तो फार घाबरलाय हो. तुम्हीच त्याला सांगा ना, देव रागावलेला नाही म्हणून. तुमचं ऐकेल तो.’ भीती त्यांच्या शब्दानं बसली, ती त्यांच्याच शब्दानं लवकर जाईल. आणि त्यांना समर्थांचं ‘केल्याने होत आहे रे, आधी केलेचि पाहिजे, यत्न तो देव जाणावा’ येतच असेल. नातवंडांना ते शिकवायचं काम त्यांच्याकडे द्या. देव आणि यत्न एकाच ओळीत आजीच्या तोंडून ऐकणं, हे तुम्ही-मी सांगण्यापेक्षा जास्त पोचेल.

यजमानांना सांगा की त्यांचा आग्रह, ‘चूक केलीस ती तू केलीस’, हा परंपरेबाहेरचा नाही. सांख्यांनी जगाची मांडणी ईश्वराला न आणता केली. चार्वाकांनी परलोकच नाकारला, आणि तरी भारतीय दर्शनांचा विचार त्यांना वगळून पुरा होत नाही. देव न मानणाऱ्या बापालाही मुलाशी धर्माबद्दल बोलता येतं. पण दोन दिवसांचा अबोला मुलाला जबाबदारी शिकवत नाही, बाप आपल्याला सोडूही शकतो एवढंच शिकवतो. कठोपनिषदातला नचिकेत आठवतो ना? बापानं यज्ञात म्हाताऱ्या, दूध आटलेल्या गायी दान द्यायला काढल्या, ते त्या पोराला खुपलं. त्यानं पुन्हा पुन्हा विचारलं, ‘मला कुणाला देणार?’ बाप संतापून म्हणाला, ‘मृत्यूला देतो.’ तीन रात्री उपाशी राहिल्यावर यमानं तीन वर दिले, तेव्हा पहिला वर त्या मुलानं काय मागितला? ब्रह्मज्ञान नंतर. आधी त्यानं मागितलं की बाबांचं मन शांत होऊ दे, त्यांचा राग जाऊ दे, मी परत गेलो की त्यांनी मला ओळखून जवळ घेऊ दे. ही गोष्ट यजमानांना तुम्हीच सांगा, भांडण नसेल अशा वेळी.

आता अवघड भाग. धर्म शिकवायचा म्हणजे चांगल्या सवयी लावायच्या, श्लोक पाठ करून घ्यायचे, मोठ्यांचं ऐकायला शिकवायचं, असं बहुतेक घरांत धरून चाललेलं असतं. सवयी हव्यातच. पण निवड ही सवयीनं येत नाही, निवड करून येते. तुमच्या मुलांना दिवसभरात खरी निवड किती मिळते, याचा एक दिवस नीट हिशेब ठेवा. काय घालायचं, किती खायचं, कुठल्या शिकवणीला जायचं, सगळं ठरलेलं. मग ५० रुपयांची नोट समोर आली तेव्हा पहिल्यांदाच काहीतरी त्याच्या हातात आलं. त्याला आठवड्याला थोडे पैसे द्या आणि ते कसे खर्चले हे विचारू नका. सगळ्याची कार्डं आणली आणि शनिवारी भेळेला पैसे उरले नाहीत, तर भेळ विकत घेऊन देऊ नका. श्रेय आणि प्रेय, म्हणजे हिताचं आणि नुसतं आवडीचं, यांतला फरक नचिकेताला यमानं समजावला, तुमच्या मुलाला तो रिकाम्या खिशानं कळेल.

आणि ‘यथेच्छसि’ मधे एक धोका आहे, तो पत्करावा लागेल. निवड खरी असेल तर मूल तुम्हाला नको ते निवडू शकतं. मोठी झाल्यावर मुलगी म्हणेल, मी उपास करणार नाही. मुलगा म्हणेल, मला मुंज नको, किंवा उलट, बाबांना पटत नसलं तरी मी रोज पूजा करणार. त्या दिवशी ‘हेच शिकवलं का तुला’ असं तोंडावर आलं तर आठवा, तुकोबा म्हणाले होते, ‘सत्य असत्याशी मन केले ग्वाही, मानियेले नाही बहुमता.’ घरातलं बहुमतही त्यात आलं. दुसऱ्याला इजा होईल, जीवाला धोका होईल तिथे तुम्ही हात धरायचाच, तिथे निवड नाही. बाकी ठिकाणी मत सांगायचं, परिणाम सांगायचा आणि गप्प राहायचं. गप्प राहणं हेच सगळ्यात कठीण आहे, याची मला कल्पना आहे.

ताज्या कलमातला प्रश्न तुम्ही शेवटी ठेवलात, पण तो लहान नाही. ताटं उचलणं हे घरात जेवणाऱ्या प्रत्येकाचं काम आहे. त्याला ‘बाईचा धर्म’ म्हटलं की काम तर तिच्या गळ्यात पडतंच, वर प्रश्न विचारायची सोयही बंद होते. ‘स्वधर्म’ या शब्दाखाली जातीची कामं माणसांवर अशीच लादली गेली. १९३६ साली बाबासाहेब आंबेडकरांचं जातिसंस्थेवरचं भाषण होऊ शकलं नाही, ते त्यांनी छापून काढलं. त्यात नियम आणि तत्त्व यांत त्यांनी फरक केला आहे: नियम काय करायचं ते सांगून मोकळा होतो, तत्त्व माणसाला स्वतः पारखायला लावतं, म्हणून तत्त्वानं वागणाऱ्याकडेच जबाबदारी येते. तुमच्या मुलीनं ‘मग भावाचा धर्म काय’ असं विचारलं तेव्हा ती नियमाला तत्त्वाची कसोटी लावत होती. तिला उत्तर शब्दांत देऊ नका. आज रात्रीपासून ज्याचं त्यानं ताट उचलायचं, यजमानांनीही. सासूबाई कुरकुरतील. गुडघे दुखत असतील तर त्यांचं ताट नातू उचलेल.

राहिला संस्कारवर्ग. घालायला हरकत नाही, पण आधी एक दिवस स्वतः मागे जाऊन बसा. श्लोक किती पाठ करून घेतात याकडे फार लक्ष देऊ नका. एखाद्या मुलानं मधेच ‘पण का?’ असं विचारलं की शिकवणाऱ्या बाई काय करतात ते बघा. त्यांनी थांबून उत्तर दिलं, किंवा ‘तुला काय वाटतं?’ असं उलट विचारलं, तर वर्ग चांगला आहे. देव शिक्षा करेल अशी भाषा ऐकू आली, दुसऱ्या धर्माच्या किंवा जातीच्या मुलांबद्दल वेडंवाकडं काही कानावर पडलं, तर चपला घालून निघा. वर्ग पसंत पडला तर घरी येऊन मुलांना तिथे काय असतं ते सांगा आणि जायचं का ते त्यांना ठरवू द्या. एक जाईल, एक जाणार नाही, असंही होईल. फी एकाचीच भरा.